पांढऱ्या तारेचा उपद्व्याप

आमच्या गारखेड्यात हल्ली दुचाकीची एक नवी जात फार वाढली आहे. आरसे, दिवे, हॉर्न सगळे स्कूटरसारखे. पण नंबराची पाटी नाही आणि आवाज तर मुळीच नाही. फाटकाशी उभे राहून शेजाऱ्यांशी चार शब्द बोलावेत, तर पाठीमागून सुळकन निघून जाते आणि काळजाचा ठोका चुकतो. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तशीच एक आमच्याही दारात आली. सौभाग्यवतींनी तिला ओवाळले, मी नारळ फोडला. पुढे काय झाले ते आज सांगतो. त्यात माझा मोठेपणा काही नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

नातू तेव्हा दहावीत, वय पंधरा. क्लास उस्मानपुऱ्यात. चिरंजीव चिकलठाण्याला, सूनबाई वाळूजला. पोराला सोडायचे कोणी? दुकानदार म्हणाला, "आजोबा, हिला लायसन नको, पासिंग नको, विमा नको. पोर बिनघोर चालवील." तो खोटे बोलत नव्हता. मोटार २५० वॉटपेक्षा जास्त शक्तीची नसेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा अधिक नसेल, तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे ती मोटारगाडी नव्हेच. कायद्याच्या लेखी ती सायकलीची थोरली बहीण. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तसा दाखला दिला, की झाले.

पण पंधरा वर्षांच्या पोराला २५ चा वेग म्हणजे अपमानच. मित्र तिला 'आबांची गाडी' म्हणू लागले. एके दिवशी नातू हळूच म्हणाला, "आबा, एक मेकॅनिक पाचशे रुपये घेतो, आत एक पांढरी तार असते ती काढतो, की गाडी पंचेचाळीसला जाते. क्लासला जायचा वेळ वाचेल." ते पाचशे रुपये माझ्या पेन्शनमधून गेले. घरात कोणाला मी बोललो नाही. आजोबांचे लाड असे चोरूनच चालतात.

जानेवारीत संध्याकाळी त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे एक भाजीवाल्या बाई पाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. आवाज नाही, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलेच नाही. पोराने ब्रेक दाबला, पण गाडी थांबली ती त्यांना पाडूनच. बाईंचे मनगट मोडले. पोराची हनुवटी फुटली. हेल्मेट नव्हते, कारण 'या गाडीला लागत नाही' असे आम्हीच त्याला सांगितले होते.

रात्री शेजारचे वकील आले. त्यांनी चहा घेतला आणि शांतपणे माझी झोप उडवली. म्हणाले, "आप्पा, तार काढली त्या क्षणी ती मोटारगाडी झाली. म्हणजे बिनपासिंगची, बिनविम्याची गाडी, आणि वर लायसन नसलेले पोर." २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्याला पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, शिवाय मुलाला पंचविसावे वर्ष पुरे होईपर्यंत लायसन नाही. गाडीची पावती माझ्या नावावर होती.

बाईंनी तक्रार केली नाही. विमाच नव्हता, तेव्हा दवाखान्याचे पैसे आम्हीच भरले. पण सहा आठवडे प्लास्टरमध्ये हात, म्हणजे सहा आठवडे पाटी बंद. तिची भरपाई कोणत्या हिशेबाने करायची? मी जो आकडा मनाशी धरला तो त्यांनी न बोलता घेतला, आणि तेच मला अधिक लागले.

पंचवीस आणि पंचेचाळीस यांत फरक तो काय, असे मलाही वाटले होते. नातवाकडूनच गणित करून घेतले. संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर २५ च्या वेगात गाडी ७ मीटर जाते, ४५ च्या वेगात साडेबारा. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला जे अंतर लागते, ते तर तिपटीहून अधिक, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आणि गाडीचे ब्रेक बसवलेले असतात ते पंचविसाच्या हिशेबाने. ते त्या तारेबरोबर बदलत नाहीत.

मे २०२२ मध्ये परिवहन आयुक्तालयाने अशा बदललेल्या गाड्या तपासण्याचे आदेश राज्यभरच्या आरटीओंना दिले होते. चांगलेच झाले. पण रस्त्यात उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरला ती काढलेली तार दिसायची कशी? ती दिसते फक्त पाचशे रुपये देणाऱ्याला. वेगवान गाड्यांशी माझे भांडण नाही. हिरव्या पाटीवर पांढरा एमएच २० नंबर घेऊन, लायसन आणि विमा काढून खुशाल चालवाव्यात. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना असलेल्या गावात दुचाकीला नावे कोण ठेवील? माझी तक्रार आहे ती पंचविसाखालच्या सवलतीबद्दल. लायसन नको म्हणजे शिकणेही नको, असा अर्थ आम्ही सगळ्यांनी किती सोयीने काढला!

तार दुसऱ्या एका मेकॅनिकने दोन मिनिटांत परत जोडली. त्यानंतर दर रविवारी सकाळी आमखास मैदानावर आमची शाळा भरू लागली. मी एक वीट ठेवायचा. नातवाने आयएसआय खुणेचे हेल्मेट घालून यायचे आणि विटेपाशी दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे. मग मी पावलांनी अंतर मोजायचे. पहिल्या रविवारी तो दर वेळी नुसता मागचाच ब्रेक दाबत होता. वर्षाचा निम्मा काळ गाडी चालवून झाली होती, आणि पुढचा ब्रेक कशाला असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

बाईंनी उन्हाळ्यात पुन्हा पाटी घेतली. हात पूर्वीसारखा वळत नाही, म्हणून पाटी आता लहान असते. आमच्या घरची मेथी त्यांच्याकडूनच येते. नातू आणायला जातो, तो पायी.