आपला संघ कोणता?

जून २०२२ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांपुढे अशा वेळी एक प्रश्न उभा राहतोच : टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? भाषा मुंबईकडे ओढते आणि शाळेच्या दाखल्यावर मध्य प्रदेश लिहिलेले असते. आम्हांला वाटते, या प्रश्नाचे उत्तर त्या हंगामातच सापडते.

आधी थोडा इतिहास. इंदूरचा होळकर संघ १९४१ ते १९५५ या काळात रणजीत खेळला. या १४ हंगामांत त्याने १० वेळा अंतिम फेरी गाठली आणि ४ वेळा करंडक जिंकला. कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे, चंदू सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे आणि मुश्ताक अली खुद्द इंदूरचे. पण मैदानात उतरल्यावर सगळे होळकरांचे! पुढे तो संघ गेला, मध्य प्रदेशचा संघ आला, आणि करंडक मात्र दूरच राहिला.

१९९८-९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. तरीही शेवटच्या डावात १५० धावांत गडगडून सामना ९६ धावांनी गमावला. तेव्हाचे कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. मैदान हेच, चिन्नास्वामी. २३ वर्षांनी हेच पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून पुन्हा तेथे उभे होते, आणि समोर त्यांची स्वतःची मुंबई होती. मुंबईला त्यांनी पूर्वी प्रशिक्षक म्हणून करंडक मिळवून दिला होता, विदर्भालाही सलग दोनदा. मराठी माणूस मध्य प्रदेशचा होऊ शकतो का, अशी शंका ज्यांना वाटते त्यांनी एवढे एकच उदाहरण पाहावे.

आता तो हंगाम. संघात मोठी नावे फार नव्हती. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघाच्या कामगिरीवर होते. कर्णधार होता आदित्य श्रीवास्तव. साखळीत गुजरात आणि मेघालयाला हरवले, केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला. त्यात यश दुबेने २८९ धावा केल्या, आणि धावा-बळींच्या सरासरीवर केरळला मागे टाकून संघ पुढे गेला. मग पंजाबला १० गड्यांनी आणि बंगालला १७४ धावांनी हरवले. बंगालविरुद्ध हिमांशू मंत्रीने १६५ धावा केल्या.

अंतिम सामन्यात तोपर्यंत ४१ वेळा विजेत्या ठरलेल्या मुंबईने ३७४ धावा केल्या. उत्तरादाखल यश दुबेने १३३, शुभम शर्माने ११६ आणि रजत पाटीदारने १२२ धावा केल्या. धावसंख्या ५३६, आघाडी १६२ धावांची. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. त्यामुळे मुंबईला घाईने धावा करणे भाग पडले आणि डाव २६९ वर संपला. कुमार कार्तिकेयने ४ बळी घेतले. हा मुलगा उत्तर प्रदेशात जन्मलेला, दिल्लीत शिकलेला, आणि खेळतो मध्य प्रदेशकडून! १०८ धावांचे लक्ष्य ४ गडी गमावून गाठले गेले.

येथे एकट्याचा चमत्कार नव्हता. पहिल्या डावात दिवसदिवस टिकून राहण्याची शिस्त होती. ही शिस्तही कायमची जमा राहत नाही. पुढच्या दोन्ही हंगामांत संघ उपांत्य फेरीत हरला, एकदा बंगालकडून, एकदा विदर्भाकडून. दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. घरात मराठी बोलावी, वाचावी, जपावी. मुंबईच्या खेळाचे कौतुकही करावे. पण आपला संघ मध्य प्रदेश. ज्या मातीत आपण घाम गाळतो, तिचा संघ तो आपला. नाहीतर आपली मुले दूरच्या संघाची प्रेक्षक होतील आणि जवळच्या निवड चाचणीला कोणी जाणारच नाही.

पालकांना विनंती, की परीक्षा जवळ आली म्हणून मुलाला हंगामाच्या मध्यातून काढून घेऊ नये. अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी आणि खेळाचीही. विश्वस्तांना विनंती, की सुट्टीच्या दिवशी मैदानाचे फाटक उघडे ठेवावे, एक मॅटिंग खेळपट्टी आणि चामड्याचा चेंडू उपलब्ध करून द्यावा, आणि चाचणीसाठी इंदूरला जाणाऱ्या मुलामुलींचा प्रवासखर्च उचलावा. वार्षिक संमेलनाच्या मंडपाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगणे : नागपूर, सागर, कोल्हापूरचे खेळाडू एका संघाचे झाले, मुंबईचे पंडित मध्य प्रदेशचे झाले. तुमचा तर जन्मच येथला आहे. मग चाचणीच्या रांगेत तुम्ही का नसावे?