वाफेचा हिशेब कोणाकडे?

२०४७पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज, आणि लहान अणुभट्ट्यांच्या संशोधन-विकासासाठी २० हजार कोटी रुपये, ही २०२५च्या अर्थसंकल्पातील घोषणा. तेव्हापासून चर्चा चालते ती भांडवलाची, दायित्वाची आणि जमिनीची. भट्टीच्या पोटात पाणी नेमके कसे उकळते, हा प्रश्न मात्र धोरणकर्त्यांना प्रयोगशाळेपुरताच वाटतो. तसा तो नाही.

तारापूरच्या १९६९मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांची रचनाच पाणी इंधननळ्यांवर उकळण्याची आहे. काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांतही वाहिनीच्या टोकाशी थोडे उकळू दिले जाते. नळीवरचा पाण्याचा पातळ थर टिकून आहे तोवर उष्णता उत्तम वाहून नेली जाते. तो सुकला की धातूचे तापमान झपाट्याने चढते. सुरक्षेची मर्यादा या क्षणाच्या किती अलीकडे आखायची, हे संगणकीय प्रारूपे सांगतात. पण प्रारूपांची परीक्षा मोजमापानेच होते.

आणि मोजमाप अवघड आहे. संवेदक आत घातला तर प्रवाहच बदलतो. क्ष-किरण धातूत अडतात. न्यूट्रॉनची रीत उलटी. ॲल्युमिनिअम, झिर्कोनिअम यांतून ते सहज पार होतात, पाण्यातील हायड्रोजन मात्र त्यांना विखुरतो. त्यामुळे बंद नळीतले पाणी गडद आणि वाफ उजळ उमटते. वाफेचे प्रमाण प्रवाहाला धक्का न लावता मोजता येते.

हे तंत्र आपल्याला परके नाही. पंपाविना, नैसर्गिक अभिसरणावर चालणाऱ्या प्रगत जड पाणी भट्टीच्या आराखड्यासाठी ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’वर असे छायांकन झाले होते. मूळ ‘अप्सरा’ २००९मध्ये थांबली, ‘सायरस’ २०१०मध्ये. सुधारित ‘अप्सरा’ २०१८मध्ये आली. या मधल्या काळात भार पडला तो मुख्यतः ‘ध्रुव’वर. विद्यापीठीय संशोधकांसाठी तेथे वाट आहे, पण अरुंद.

उद्या नव्या उत्पादकांचे आराखडे परवान्यासाठी येतील, सोबत त्यांचीच आकडेमोड असेल. ती पडताळण्यासाठी नियामकाजवळ स्वतःची मोजमापे नसतील, तर परवाना विश्वासावर दिल्यासारखा होईल. म्हणून त्या २० हजार कोटींतला छोटासा वाटा उकळत्या प्रवाहाच्या न्यूट्रॉन-छायांकनासाठी राखावा. यंत्रणा सुरक्षा-कुंपणाबाहेर असावी आणि तिच्या वेळेवर पहिला हक्क नियामकाचा असावा. गोपनीयतेची सबब येथे लंगडी आहे: साध्या पाण्याच्या बुडबुड्यांत शस्त्रास्त्रांचे कोणतेही गुपित नसते. अडचण आहे ती प्रकल्प कोणत्या खात्याच्या नावावर चढवायचा याची, आणि ती दिल्लीतच सुटू शकते.