काळ्या मातीतला रोबो

या अंकाचा विषय आहे किटमधून जोडायचा, पट्ट्यांवर चालणारा छोटा रोबो. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या कापसाच्या अल्लीपूरला त्याचं काय? पट्ट्याचं मर्म इथंच लवकर कळेल, असं आम्हाला वाटतं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं. पट्टा तेच वजन जास्त जागेवर पसरवतो. दोन बाजूंना दोन मोटरी. एक पुढं, दुसरी मागं फिरवली की गाडी जागच्या जागी वळते. वळताना वीज मात्र जास्त खाते, म्हणून बॅटरीवर सविस्तर लेख दिला आहे.

२०१६मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती असे सुटे भाग येऊ लागले. पण बहुतेक रोबो फरशीवरच शहाणे असतात! तुमचा धुऱ्यावर, ओल्या मातीत चालवा आणि पट्टा कुठं निसटला ते आम्हाला कळवा.