सडा विकण्याआधी

मे महिना आला की उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या आमच्या घराला कुलूप लागते आणि आम्ही राजापूर तालुक्यातल्या गावी जातो. यंदा गावच्या घरात एकच विषय होता : आपला सडा चिरेखाणीला द्यायचा का? चाचांच्या मुलीचे लग्न ठरले आहे, आणि त्या कातळावर पावसाळी गवताखेरीज काही उगवत नाही. चाचांचे चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही.

दादी मात्र म्हणाल्या, "लहानपणी बकऱ्या चारताना तिथे कातळावर रेघा दिसायच्या, रे."

म्हणून मुलांना घेऊन आम्ही जवळच्याच कशेळीला गेलो. उन्हात पाय भाजत होते. कातळात कोरलेली एक रेघ दिसली. तिच्या कडेने चालत गेलो, पण चित्र काही उमजेना. मग ड्रोनने वरून काढलेला फोटो पाहिला, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच "हत्ती!" निघाले. सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी! कोकणातल्या या कातळशिल्पांत गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. अभ्यासक काही चित्रे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची मानतात.

जमिनीवरून न उमजणारे वरून दिसते, हा अनुभव जुनाच. १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळ विमानातून जाणाऱ्या इन्सॉल नावाच्या वैमानिकाला शेतात गोलाकार खुणा दिसल्या. खोदल्यावर लाकडी खांबांच्या खळग्यांची एकात एक अशी सहा कडी निघाली. तेच नवाश्मयुगातले वुडहेंज. तिथे निदान मातीचे पांघरूण होते. आपल्या सड्यावर तेही नाही. चिरे कापणारे यंत्र एकदा फिरले की संपले. (आमचे गावचे घरही जांभ्याच्या चिऱ्यांचेच आहे, हे लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते.)

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सडे पायाखाली घालून, गावकऱ्यांना विचारून विचारून ही चित्रे शोधली. २०२२ मध्ये कशेळी, बारसू, उक्षी यांसह काही ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण यादीबाहेरचे सडे कितीतरी आहेत, आणि ते तुमच्याआमच्या सातबाऱ्यावर आहेत.

परतायच्या आदल्या रात्री लग्नाच्या व्हिडिओवाल्याशी चाचांचे फोनवर बोलणे चालले होते. दर ठरला. मग चाचा जरा थांबले आणि म्हणाले, "ड्रोन आणणारच आहेस ना? मग पाऊस पडायच्या आधी एकदा आमच्या सड्यावरून फिरवून दे."

खाणवाल्याला त्यांनी तोवर थांबायला सांगितले आहे.