धूळ, कूलंट आणि कोटेशनातील खोडलेली ओळ

1996 च्या सुमारास अकोल्याच्या एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपचा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि त्याखाली धूळ ओढून घेणारा पंखा, पत्र्याची नळी व कापडी पिशव्यांचा फिल्टर. कामही स्पष्ट लिहिलेले होते: हायलमचे बुश व गिअर, वीज पॅनेलसाठी फायबर ग्लासचे तक्ते, आणि हंगामापूर्वी जिनिंगच्या रोलरांना खाचा पाडणे. पंख्याची ओळ मी लाल शाईने खोडली आणि शेजारी लिहिले, 'अनुत्पादक खर्च'. मालकांनी वाद घातला नाही. त्यांना कर्ज हवे होते.

चार वर्षांनी तपासणीसाठी गेलो, तेव्हा लेथवरचा कारागीर कोपरापर्यंत पांढरा झालेला होता. खोकत होता. मी विचारपूस केली, तर म्हणाला, "साहेब, घरी गेलो की पोराले उचलत नाही मी. त्याच्या आंगाले खाजते." त्या वाक्यातील माझा वाटा मला तेथेच उमगला.

लोखंड कापले तर कीस निघतो. तो जड असतो, खाली पडतो आणि भंगारात विकलाही जातो. फायबर ग्लास किंवा हायलम म्हणजे तंतू व रेझिन यांचा एकजीव केलेला थर. हत्यार लागताच तंतू तुटतात, रेझिनची भुकटी होते आणि ती हवेत तरंगत राहते. जाड काचतंतू त्वचेत व डोळ्यांत रुततात, तर बारीक भुकटी फुप्फुसापर्यंत पोहोचते. कार्बन तंतूची धूळ त्याहून खट्याळ, कारण ती वीजवाहक आहे. मोटारीत किंवा पॅनेलमध्ये शिरली की शॉर्टसर्किट घडवते. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग 787 विमानासाठी संमिश्र तुळया तयार होतात, तेथे धूळनियंत्रण हा कारखान्याच्या रचनेचाच भाग असतो. आपल्या शेडमध्ये मात्र तोंडाला बांधलेला रुमाल एवढीच व्यवस्था असते.

भिंतीवरचा एक्झॉस्ट पंखा पुरेसा आहे, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. शोषणाचा जोर नळीच्या तोंडापासून झपाट्याने घटतो. नळीचा जेवढा व्यास, तेवढ्या अंतरावरच तो साधारण एक दशांश उरतो. म्हणून नळीचे तोंड हत्याराच्या वितभर अंतरात हवे. 1948 च्या कारखाना कायद्यातील कलम 14 हेच सांगत असे: धूळ जेथे निघते, शक्य तितक्या तिच्या जवळ ती ओढून घ्यावी. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे तर पूर्ण बंद करावे. त्याने खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाशी येते. झाडूऐवजी बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओले फडके वापरावे. एन-95 मास्क हा यानंतरचा उपाय आहे, यांच्याऐवजी नव्हे.

"मग पाणी सोडून कापा," असे कोणी सहज म्हणेल. काचतंतू व इपॉक्सीच्या तक्त्याला ते चालते. पण कापडी किंवा कागदी हायलम पाणी शोषतो, फुगतो, त्याचे माप बिघडते आणि विद्युतरोधकताही घटते. असे काम कोरडेच, जोरकस शोषणासह करावे लागते. जेथे कूलंट चालतो, तेथे धुळीचा चिखल होतो. तो पंप तुंबवतो व लेथचे मार्ग घासून टाकतो. म्हणून टाकीत गाळ बसण्याचा कप्पा आणि फिल्टर हवाच.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील बोअरच्या पाण्यात विरघळणारे तेल मिसळले, तर दुधासारखे मिश्रण फाटते आणि यंत्रावर गंज धरतो. शुद्ध केलेले पाणीच वापरावे. मे महिन्यात पाणी उडून तेलाचे प्रमाण वाढते व कारागिरांच्या हातांना इसब होतो. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या लहानशा उपकरणाने ते प्रमाण रोज पाहता येते. साचलेल्या कूलंटला कुजका वास येतो तो जंतूंचा. घरी पाणी गाळून पिणारे आपण, यंत्राखालची टाकी वर्षवर्ष उघडत नाही, याचे मला नवल वाटते. वापरलेला कूलंट नाल्यात सोडता येत नाही. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा ठरतो आणि अधिकृत विल्हेवाटदाराकडेच द्यावा लागतो.

जिनिंगच्या रोलरांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तो धंदा आहे. डबल रोलर जिनचा रोलर म्हणजे लोखंडी दांड्यावर दाबून बसवलेल्या क्रोम चामड्याच्या चकत्या. त्याला खाचा पाडताना, आणि रुई ओढतानाही, क्रोमियमयुक्त भुकटी झडते. क्रोमियमचे षट्संयुजी रूप कर्करोगकारक आहे. मुंबईची सिरकॉट ही संस्था 1924 पासून कापसावर काम करते. रबर व सुती कापडाच्या थरांचा क्रोमविरहित रोलर तिच्या संशोधनातून पुढे आला. चामड्याचा प्रश्न ज्यांना अन्य कारणानेही बोचतो, त्यांनी तर या रोलरची चौकशी अवश्य करावी. खाचा पाडण्याच्या जागी नळी मात्र दोन्ही रोलरांना हवी.

आता माझ्या विषयाकडे वळतो, म्हणजे पैशाकडे. 1962 च्या आयकर नियमांच्या तक्त्यात डस्ट कलेक्टर यंत्रणेला साधारण यंत्राहून बराच अधिक घसारा दिलेला होता. ज्या ओळीला मी अनुत्पादक म्हटले, तिला नियम लिहिणाऱ्यांनी लेथहून झुकते माप दिले होते. हे तक्ते पाठ असलेला अधिकारी मी. पण प्रस्ताव तपासताना ते पान उघडले नाही.

तपासणीहून परतल्यावर मी मालकांना पंख्यापुरता स्वतंत्र प्रस्ताव द्यायला सांगितले आणि आठवड्यात मंजूर केला. पंखा बसला. तो कारागीर तोवर काम सोडून दर्यापूरकडे शेतीला निघून गेला होता. गेल्या दिवाळीत मालकांचे चिरंजीव नव्या शेडचे कोटेशन दाखवायला घरी आले. धूळशोषक यंत्रणा पहिल्याच पानावर होती. कूलंटच्या टाकीला झाकण आणि गाळाचा कप्पा नव्हता. तेवढे मी पेन्सिलीने वाढवून दिले.