वर्गातला केक सगळ्यांना खाता यावा



शाळेत केक करायचं ठरलं की आपल्या घरातून पहिला प्रश्न जातो, "अंडं घालणार का?" घालणार असतील, तर आपलं मूल बाजूला बसून डब्यातला लाडू खातं. पाच-सहा वर्षांच्या पोराला ती शिक्षाच वाटते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत काही भाजायचं तर ते अंडं आणि दूध दोन्हींशिवाय व्हावं. दूध आपल्याला चालतं, पण एखाद्या मुलाला ते पचत नाही. त्यालाही का वगळायचं?

साहित्य आपल्या घरातलंच आहे. नाचणी आणि गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं, गूळ, तेल, पिकलेलं केळं, नारळाचं दूध. एका अंड्याऐवजी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की चिकटपणा येतो. फुगवायला खायचा सोडा आणि लिंबू. सोड्यावर लिंबू पिळल्यावर फसफसतं ते मुलांना जरूर दाखवावं. तो वायूच केक हलका करतो.

मोजणं, चाळणं, ढवळणं ही कामं मुलांची. रिंग आणि शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून केक भाजायचं काम मात्र बाईंचंच. पीठ चाळताना किडा दिसला तर तो अलगद बाहेर सोडायचा, हेही तिथेच शिकवता येतं. आपण पावसाळ्यात पीठ तीन दिवसांच्या आत का संपवतो, हे मुळशीच्या पावसात वेगळं समजवायला लागत नाही.

आता थोडं आपसातलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांसाठी केळं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा जादा निधी थांबवला, तेव्हा आपल्यातल्या अनेकींना बरं वाटलं. पण आपल्याच तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरच्या किंवा पिरंगुटला मजुरी करणाऱ्या घरातल्या मुलाला त्या अंड्यातून प्रथिनं मिळत होती. महिन्यातून एकदा केलेला गोड केक ती भरून काढणार नाही. तेव्हा "बघा, अंड्यावाचून काही अडत नाही" असं सांगायला हा केक वापरू नये. आपलं व्रत आपण पाळावं, दुसऱ्याच्या ताटाचा निर्णय त्याच्या आईकडे राहू द्यावा. अनेकान्त आपण पर्युषणात ऐकतो, तो इथेही लागू आहे.

पुढच्या पालकसभेत बाईंना ही कृती लिहून द्या. सोबत ताजं दळलेलं पीठ आणि जवसाची पूडही न्या. त्यांना अजून तीस मुलं सांभाळायची असतात.