दौरा झाला, फलित कुठे आहे?

परदेशी जाऊन आलेला सरकारी अधिकारी बरोबर काय घेऊन आला, हा प्रश्न आपल्या देशात क्वचितच विचारला जातो. आणि विचारलाच, तर विचारणाऱ्याच्या मनाचा कोतेपणा काढला जातो. जगाशी संबंध ठेवायचेच नाहीत काय, असा उलट सवाल येतो. संबंध अवश्य ठेवावेत. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त मागणारा काळ केव्हाच सरला आणि आम्हांस तो परत आणावयाचा नाही. परंतु ज्याच्या खिशातून विमानाचे भाडे जाते त्याने हिशेब मागावा, यात कोतेपणा कसला?

माहिती अधिकारामुळे असा एक हिशेब 2012 साली देशभर गाजला. नियोजन आयोगाचे तेव्हाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी जून 2004 ते जानेवारी 2011 या काळात 42 सरकारी परदेशदौरे केले, 274 दिवस परदेशात काढले, आणि त्यापायी 2 कोटी 34 लाख रुपये खर्ची पडले. मे ते ऑक्टोबर 2011 मधील चार दौऱ्यांचा खर्च तर सरासरी दिवसाला 2 लाख 2 हजार रुपये इतका होता. याच आयोगाने मार्च 2012 मध्ये जी दारिद्र्यरेषा जाहीर केली, तीनुसार शहरात रोज 28 रुपये 65 पैशांहून अधिक खर्च करू शकणारा मनुष्य गरीब ठरत नव्हता! उपाध्यक्षांनी अफरातफर केली असे कोणी म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. दौरे सरकारी कामाचेच होते. पण चर्चा सारी खर्चाच्या आकड्याभोवती फिरली. त्या 42 दौऱ्यांनी देशाच्या पदरात काय पडले, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो बाजूला राहावा अशीच जणू सरकारी व्यवस्था आहे. केंद्राच्या कार्मिक खात्याने 11 सप्टेंबर 2012 रोजी परिपत्रक काढले. मंत्री, तसेच सहसचिव व त्यावरील दर्जाचे अधिकारी यांच्या सरकारी दौऱ्यांची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी आणि दर तिमाहीस ती अद्ययावत करावी, असे त्यात सांगितले. दौऱ्याचे स्वरूप, ठिकाणे, कालावधी, शिष्टमंडळातील माणसांची संख्या आणि एकूण खर्च, एवढ्या गोष्टी त्यात मागितल्या आहेत. पाऊल स्तुत्य आहे, यात वाद नाही. पण यादी पुन्हा वाचावी. परत आल्यावर लिहिलेला अहवाल तीत कोठे आहे? तिकिटाचा हिशेब मागितला, कामाचा मागितलाच नाही. शिवाय हे परिपत्रक केंद्राचे. बंगळूर, मुंबई वा पणजीच्या सचिवालयातून निघणाऱ्या ‘अभ्यासदौऱ्यां’चे काय?

अभ्यासदौरा हा शब्द किती ताणता येतो ते आमच्या गोमंतकीय बांधवांनी पाहिले आहे. ब्राझीलमधील फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेसाठी जून 2014 मध्ये गोवा सरकारने तीन मंत्री व तीन आमदार पाठविण्याचे ठरविले आणि त्यासाठी 89 लाख रुपयांची तरतूद केली. क्रीडामंत्र्यांचे जाणे एक वेळ समजू शकते. मत्स्योद्योग व वीज या खात्यांचे मंत्री त्या मैदानावर कोणता अभ्यास करणार होते, हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

परदेशगमन सफल कसे होते हे पाहावयाचे तर मराठी माणसाला दूर जावे लागत नाही, बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव महाराज वारंवार परदेशी जात, आणि त्यांच्या दीर्घ अनुपस्थितीवर टीकाही होई. लॉर्ड कर्झनने 1900 साली संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले तेव्हा त्याचा रोख महाराजांनी ओळखला होता. पण अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते नुसते प्रसन्न झाले नाहीत; 1910 साली त्यांनी विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले, संस्थानाचे ग्रंथालय खाते उभे केले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. हा राजा प्रजेस हिशेब देण्यास कायद्याने बांधलेला नव्हता. आजचे अधिकारी बांधलेले आहेत, आणि त्यांच्या पेट्यांतून काय उतरते ते आपण विमानतळावर पाहतोच.

सीमाभागाच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. बेळगावचा व्यापारी, निपाणीचा तंबाखू उत्पादक, खानापूरचा शेतकरी यांचा कर बंगळूरच्या तिजोरीत बिनबोभाट जमा होतो. तेथे भाषेची अडचण येत नाही! हिशेब मागावयाचा झाला की मात्र ती येते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे सहावे कलम इंग्रजी, हिंदी वा त्या क्षेत्राची राजभाषा यांतच अर्ज करू देते. म्हणजे बेळगावात मराठीत नाही. परंतु चौथ्या कलमात, माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी, असेही स्पष्ट लिहिले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील स्थानिक भाषा कोणती, हे शासनाने एकदा बाजारपेठेत उभे राहून ऐकावे.

दौऱ्यांची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारण्याचा मोहही आता वाढेल. 2023 च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्याने आठव्या कलमातील त्या अपवादास असलेली लोकहिताची अट काढून टाकली. तथापि त्याच कलमाचे दुसरे उपकलम अबाधित आहे. लोकहित वरचढ असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते. जनतेच्या पैशाने केलेला प्रवास वैयक्तिक कसा?

आमची मागणी साधी आहे. परत आल्यापासून एका महिन्याच्या आत अहवाल लिहावा, तो विधिमंडळासमोर ठेवावा, आणि बेळगावात अधिवेशन भरेल तेव्हा त्याची मराठी प्रतही तेथे मिळावी. तोवर वाचकांनी स्वस्थ बसू नये. अर्जाची फी दहा रुपये आहे, कारण सांगावे लागत नाही, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा असा नियम आहे. ‘या खात्याच्या अधिकाऱ्यांनी गेल्या तीन वर्षांत केलेल्या परदेशदौऱ्यांच्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात’ हे वाक्य त्यात सहज मावते. आलेली उत्तरे, नकार असले तरीही, आमच्या कार्यालयात आणून द्यावीत. ती आम्ही छापू.